शेजारची चोरी, गप्प बसलेली गल्ली आणि मी पाहिलेली गाडी : ठाण्यात जाऊ का?

तुळशीवृंदावन

नमस्कार. परभणी जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावाबाहेर, बायपासला लागून नवं प्लॉटिंग पडलंय, तिथं आम्ही राहतो. पंचवीस-तीस घरं झालीत. बाकी प्लॉटांवर बाभळी अन् गाजरगवत. रस्ता मुरमाचा, खांब आहेत पण निम्म्यांवर दिवे लागत नाहीत. मिस्टर पुण्याला कंपनीत आहेत, महिन्यातून दोनदा येतात. घरी मी, सासरे (वय ७१) आणि दोन लेकरं.

दिवाळीपासून आमच्या गल्लीत काही ना काही जायला लागलं. आधी गाड्यांतलं पेट्रोल. मग मागच्या गल्लीतल्या ऑटोवाल्या दादांची बॅटरी. मग दोन घरांच्या बोअरची केबल. कुणीच काही बोललं नाही. बायका पाण्याच्या टँकरपाशी जमल्या की तेवढ्यापुरती चर्चा, घरी गेलं की विसरलं.

आता वीस दिवसांपूर्वी समोरच्या गुरुजींचं घर फुटलं. गुरुजी आणि काकू भाचीच्या लग्नाला जिंतूरला गेले होते. परत आले तर कडी-कोयंडा तुटलेला, कपाट उघडं, कपडे अंगणापर्यंत. काकूंची बोरमाळ, नातीचे पैंजण आणि थोडी रोकड गेली. गुरुजींनी तक्रार दिली नाही. म्हणाले, "या वयात ठाण्याच्या चकरा कोण मारणार? घरात किती होतं ते विचारतील, गावभर होईल." काकू नुसत्या बसून असतात. बोरमाळ त्यांच्या आईची होती.

मला हे कुणाजवळ तरी बोलायचं होतं. त्या रात्री अडीचच्या सुमारास धाकट्याला पाणी द्यायला उठले होते. खिडकीतून दिसलं, लिंबाखाली एक पांढरी पिकअप उभी, दिवे बंद, मागं हिरवी ताडपत्री. निघाली तेव्हा मागचा नंबर अर्धा दिसला. शेवटचे दोन आकडे मला पाठ आहेत. कुणाच्या घरी पाहुणे आले असतील असं वाटून मी झोपले. ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

सासरे म्हणतात, आपलं काही गेलं नाही, आपण कशाला मध्ये पडायचं? लेकरं घेऊन एकटी राहतेस. मिस्टर म्हणतात, मी आल्यावर बघू. मला विचारायचंय ते असं : माझ्या घरची चोरी नसताना मी ठाण्यात जाऊ शकते का? माझं नाव बाहेर येईल का? आणि वीस दिवस उलटून गेल्यावर त्याचा काही उपयोग होतो का?

मोंढ्यातला

ताई, मी तुम्हाला निराश करत नाही, पण माझा अनुभव सांगतो. आठवडी बाजारात माझा मोबाईल खिशातून काढला. मी ठाण्यात गेलो. तिथं मला सांगितलं, "चोरी कशाला म्हणता, गहाळ लिहा, लवकर दाखला मिळेल." मी गहाळ लिहून दिलं. पुढं कुणी शोधलं नाही, कारण कागदावर तो हरवला होता, चोरीला गेला नव्हता. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. तुम्ही सगळ्यांनी मिळून वर्गणी करून कॅमेरे लावा, गेटावर माणूस ठेवा. आपली राखण आपणच करायची, असं माझं मत झालंय.

शिवारातला

ताई, तुमचं वाचलं तसं लिहायचं ठरवलं. मी शेतकरी माणूस, एवढं लांब कधी लिहिलं नाही. पण ही गोष्ट मी माझ्या गावात कुणाला नीट सांगू शकलो नाही, म्हणून इथं सांगायलो.

२०२४ च्या दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. सोयाबीन काढून खळ्यावर पडलेलं, हरभऱ्याची पेरणी डोक्यावर. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या खालच्या अंगाला माझी विहीर आहे. सकाळी गेलो तर दोर कापलेला, पाइप विहिरीत लोंबकळतोय, स्टार्टरच्या पेटीचं दार उघडं. पाच एचपीची पाणबुडी मोटार, केबल अन् स्टार्टर असं सगळं गेलेलं. ३५ हजारांच्या आसपास माल. केबलीचं वरचं रबर त्यांनी तिथंच नाल्यात जाळलं होतं. तांबं काढून नेलं अन् काळी राख ठेवली.

मी ठाण्यात गेलो नाही. कामून गेलो नाही ते खरं सांगतो. ठाणं आमच्यापासून १४ किलोमीटर, हे एक. रानातली ओल उडून चालली होती, हे दुसरं. पण खरं कारण तिसरंच. तिथं गेलं की विचारतात, संशय कुणावर? माझा बांध चुलतभावाच्या बांधाला लागून. आमची चार वर्षांपासून बोलचाल बंद. मी त्याचं नाव घेतलं नसतं, पण मी ठाण्यात गेलो एवढं कळलं असतं तरी गावानं त्याच्याकडंच बोट केलं असतं. भावकीत आणखी एक वैर नको म्हणून मी गप्प बसलो. दुकानदाराकडून उधारीवर नवी मोटार आणली, सोयाबीन विकून पैसे फेडले.

पोलीस पाटलांनी मला दोनदा सांगितलं, चल, मी सोबत येतो. मी म्हणालो, जाऊ द्या पाटील, गेलं ते गेलं.

पुढच्या दोन महिन्यांत आमच्या शिवारातून आणखी चार मोटारी गेल्या. चारातल्या तिघांनी माझ्यासारखंच केलं. एकीनं मात्र तक्रार दिली. नवरा वारलेला, दोन एकर रान, शाळेत जाणारी दोन पोरं. तिला पहिल्या दिवशी "साहेब नाहीत, उद्या या" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी ती भाकरी बांधून गेली अन् ठाण्याच्या पायरीवर बसून राहिली. संध्याकाळी फिर्याद लिहून घेतली, अज्ञात चोरट्यांविरुद्ध. संशय विचारला तर म्हणाली, कुणावर नाही. झालं. तेवढंच उत्तर द्यायचं असतं हे मला तिच्याकडून कळलं. जे उत्तर द्यायच्या भीतीनं मी घरी बसलो, ते दोन शब्दांचं होतं.

आता जे सांगायचंय ते. जानेवारीत पुढच्या शेतातल्या आखाड्यावर एक म्हातारा सालगडी राखणीला होता. रात्री कुत्रं भुंकायला लागलं म्हणून तो बॅटरी घेऊन विहिरीकडं गेला. तिघं-चौघं होते. त्याच्या खांद्यावर अन् हातावर लोखंडी पहार घातली. पहाटे दूध घालणाऱ्या पोराला तो कडब्याच्या गंजीपाशी पडलेला दिसला. आधी परभणीला अन् मग नांदेडला नेलं. जीव वाचला. उजवा हात मात्र अजून खांद्याच्या वर जात नाही. कडबा कापणं, बैल धरणं, सगळं सुटलं. आता लेकीकडं राहतो.

पंचनाम्याला आलेले अधिकारी आम्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "या शिवारात मोटारचोरीची माझ्याकडं एकच नोंद आहे. आमची रात्रीची गाडी मी कारखान्याच्या रस्त्याला लावली होती, तिकडं सहा नोंदी होत्या." बांधावर आम्ही चौघं उभे होतो. चौघांच्या मोटारी गेलेल्या, चौघांची तोंडं बंद. पाटील माझ्याकडं बघत होते. मी खाली बघितलं. पाच नोंदी असत्या तर गाडी आमच्या रस्त्याला आलीच असती, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण ती यावी असं एकही कारण आम्ही त्यांच्या हातात दिलं नव्हतं.

२०२५ च्या जूनमध्ये, मृग निघाला तेव्हा, स्थानिक गुन्हे शाखेनं टोळी धरली. पेपरात फोटो आला, ठाण्यासमोर मोटारी ओळीनं मांडलेल्या. मी गेलो. तिसऱ्या ओळीत माझी मोटार होती. ओळखायला काही लागत नव्हतं. तिच्या कानाला मी मोडक्या फणाचा तुकडा वेल्डिंग करून घेतलेला, त्याला गेरूचा रंग. हात लावून बघितला. शिपायानं विचारलं, "गुन्हा नंबर?" माझ्याकडं नंबर नव्हता. "बिल?" बिल कुठल्या कुठं गेलं होतं. मोटारीवरची नंबराची पट्टी त्यांनी घासून टाकलेली.

त्या बाईची मोटार त्याच ओळीत होती. तिच्याकडं गुन्ह्याचा नंबर होता अन् पिठाच्या डब्यात जपून ठेवलेलं बिल होतं. कोर्टात अर्ज केला, बंधपत्र लिहून दिलं अन् काही आठवड्यांत मोटार घेऊन गेली. गणपतीच्या आधी तिच्या विहिरीवर चालू झाली.

मी आठ महिन्यांनी फिर्याद दिली. त्यांनी घेतली, नाही म्हणाले नाहीत. पण "इतक्या उशिरा का?" हे लिहून घेतलं अन् त्याचं उत्तर देताना मला लाज वाटली. दुकानदाराच्या बिलबुकातून दुसरी प्रत काढायला तीन चकरा झाल्या. वकिलानं सांगितलं, आरोपीचा वकील कोर्टात हाच उशीर पुढं करणार. अन् आमच्यातले दोघं तर शेवटपर्यंत गेलेच नाहीत. वकील म्हणाला, जप्त मालाला धनी सापडला नाही तर कोर्ट जाहीर नोटीस काढतं, सहा महिने वाट बघतं, मग तो माल सरकारजमा होऊन विकला जाऊ शकतो. त्या दोघांच्या मोटारी लिंबाखाली गंजताना मी बघितल्यात. त्यांच्या नावाचा गुन्हा नाही, म्हणजे त्या चोरीसाठी कुणावर खटलाही नाही. चोरानं केलेल्या पाच चोऱ्यांपैकी कोर्टासमोर तीनच गेल्या, त्यातल्या दोन उशिरा.

मोंढ्यातल्या दादा, तुमच्या रागाशी मी सहमत आहे. त्या बाईलाही पहिल्या दिवशी परत पाठवलंच होतं. पण कॅमेरे लावून तुमची गल्ली सुटली तर चोर पुढच्या गल्लीत जाईल. आमच्याकडं माझ्या विहिरीवरून म्हाताऱ्याच्या विहिरीवर गेला, तसा.

ताई, तुमच्याकडं दोन आकडे आहेत, गाडीचा रंग आहे, वेळ आहे. माझ्याकडं यातलं काहीच नव्हतं. मिस्टरांची वाट बघू नका. सासऱ्यांना सोबत घ्या अन् जा.

जुना जमादार

३१ वर्षं पोलीस खात्यात होतो, त्यातली बरीचशी मराठवाड्यातल्या ग्रामीण ठाण्यांत. आता निवृत्त आहे. वरची दोन्ही उत्तरं खरी आहेत. तक्रार घ्यायला टाळाटाळ होते हे मी नाकारणार नाही. गुन्ह्यांचा आकडा वाढला की महिन्याच्या आढावा बैठकीत ठाणेदाराला विचारणा होते, त्यामुळं "गहाळ लिहा" म्हणणारे आमच्यात होते आणि आहेत. ते चूक आहे. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस ज्याचा तपास करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१३ साली ललिताकुमारी खटल्यात स्पष्ट सांगितलंय. पण लोक आलेच नाहीत तर टाळाटाळ करायचीही गरज उरत नाही. रात्रगस्तीचा रस्ता, नाकाबंदीची जागा, बीट अंमलदाराची फेरी हे सगळं नोंदीवरून ठरतं. टँकरपाशी झालेली चर्चा स्टेशन डायरीत येत नाही.

आता ताईंच्या प्रश्नांकडं येतो. ज्याच्या घरी चोरी झाली त्यानंच सांगावं, असा नियम नाही. गुन्ह्याची माहिती कुणीही देऊ शकतं. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७३ मध्ये तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्द बघितली जात नाही. मोबाईल किंवा संगणकावरूनही माहिती पाठवता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. गुन्हा नोंदला की त्याची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. ठाण्यात नकार मिळाला तर तीच हकीकत लिहून पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवा, पोहोच जपून ठेवा. तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो. गुन्हा नोंदल्यावर ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे फिर्यादीला कळवणं आता पोलिसांवर बंधनकारक आहे.

नावाबद्दल. फिर्याद गुरुजींनी द्यावी, कारण माल त्यांचा आहे. तुम्ही गाडीची माहिती तपास अधिकाऱ्यांना वेगळी द्या. गुन्ह्याची माहिती कुणाकडून मिळाली हे सांगायची सक्ती पोलिसावर करता येत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३१ मध्ये ते संरक्षण आहे. पुढं तुमची साक्ष लागली तर नाव कागदावर येईल, हे मी लपवत नाही. पण जबाबासाठी तुम्हाला ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही. महिला आणि ६० वर्षांवरचे पुरुष यांचा जबाब त्यांच्या राहत्या ठिकाणीच घ्यायचा, असं कलम १७९ सांगतं. म्हणजे तुमच्याकडंही पोलिसांनी यायचं आणि गुरुजींकडंही. गुरुजींना एवढं एक वाक्य सांगा, त्यांची निम्मी भीती जाईल.

घरात किती होतं हे विचारतात, त्याचं कारण असं की माल सापडला तर तो कुणाचा हे पटवावं लागतं. काकूंनी बोरमाळ घातलेला एखादा लग्नातला फोटो शोधा. त्याच्याइतका चांगला पुरावा बिलाचाही नसतो.

पेट्रोल आणि बॅटरीचं थोडं वेगळं आहे. नव्या कायद्यात ५,००० रुपयांच्या आतली साधी चोरी अदखलपात्र धरली आहे, तिचा तपास न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही. तरी अदखलपात्र म्हणून नोंद करून घ्या. एका गल्लीच्या अशा पाच-सहा नोंदी एका वहीत दिसल्या की ठाणेदाराला तिथं माणूस पाठवावाच लागतो. घरफोडीला ही मर्यादा लागू नाही, ती दखलपात्रच.

वीस दिवसांनी उपयोग होतो का? होतो, पण आजच जा. बायपासवर पेट्रोल पंप, ढाबा, एखादं कृषी सेवा केंद्र असेल, त्यांच्या कॅमेऱ्यांचं चित्रण बऱ्याच ठिकाणी पंधरा दिवस ते महिनाभरात पुसलं जातं. पहाटे अडीच, पांढरी पिकअप, हिरवी ताडपत्री, शेवटचे दोन आकडे एवढं हातात आलं तर तपास अधिकारी पंपावर जाऊन नेमकी अर्ध्या तासाची फीत बघू शकतो. पुढच्या आठवड्यात गेलात तर ती बघायला शिल्लक असेल याची खात्री नाही. उशीर का झाला ते खरं खरं लिहा. "घाबरलो होतो" हेही कारण लिहिता येतं.

अन् यापुढं अशी गाडी दिसली की त्याच क्षणी ११२ लावा. पाहुणे निघाले तर कुणी तुमच्यावर रागावणार नाही. मी स्वतः अशा कित्येक फोनांवर रात्री गेलोय, पाहुण्यांना रामराम करून परत आलोय. तो फोन वाया गेला असं मला कधी वाटलं नाही.

मोंढ्यातल्या भाऊ, चोरीला गेलेल्या मोबाईलचा आयएमईआय क्रमांक (त्या हँडसेटचा ओळख क्रमांक) तुमच्याकडं अजून असेल तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर तो ब्लॉक करता येतो. त्यासाठी पोलिसांकडच्या तक्रारीची प्रत लागते.

पालावरची शाळा

मी बीड जिल्ह्यात शिक्षक आहे आणि पारधी समाजातला आहे. तक्रार द्यावी याबद्दल माझं दुमत नाही. पण ती कशी द्यावी, यावर मला मनापासून काही सांगायचंय.

माझ्या लहानपणी गावात काहीही चोरीला गेलं की पहाटे आमच्या पालावर गाडी यायची. माझ्या वडिलांना तीन वेळा उचलून नेलं, तिन्ही वेळा सोडून दिलं, कारण काहीच नव्हतं. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. ठाण्यात "संशय कुणावर?" असा प्रश्न आला की अजून कुणीतरी सहज म्हणून जातं, "तिकडं पालं पडलीत ना." त्या एका वाक्यानं एखाद्या घरातला कर्ता माणूस आठ-आठ दिवस कोठडीत बसतो, आणि खरा चोर पिकअप घेऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेला असतो.

शिवारातल्या काकांनी त्या बाईचं उत्तर सांगितलं, "कुणावर नाही." ते वाचून मला फार बरं वाटलं. पाहिलं तेवढं सांगायचं. गाडी, वेळ, दिशा, आकडे. जात, कपडे, बोली यावरून अंदाज सांगायचा नाही.

दुसरं, गल्लीचा जो व्हॉट्सॲप ग्रुप असेल त्यावर अनोळखी माणसाचे फोटो "सावध राहा" म्हणून टाकू नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच माणसांना जमावानं मारून टाकलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, भिक्षा मागायला आलेले. अशा वेळी एका माणसानं फोन करून पोलीस लवकर बोलावले तर काय वाचू शकतं, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. त्यामुळं फोन करणाऱ्याचा मला आदर आहे. फोन आधी ठाण्याला, ग्रुपवर नंतर, आणि शक्यतो नाहीच.

तुळशीवृंदावन

सगळ्यांचे मनापासून आभार. काल जमादार काकांचं उत्तर वाचलं आणि कॅमेऱ्याची गोष्ट डोक्यातून जाईना. सासऱ्यांना ते सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. शिवारातल्या दादांच्या सालगड्याचं ऐकल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून गुरुजींकडं गेले. मी चहा घेऊन गेले तेव्हा दोघं अल्बम चाळत बसले होते. थोरल्या लेकाच्या लग्नातला फोटो सापडला, काकूंच्या गळ्यात बोरमाळ स्पष्ट दिसते. काकू स्वतः म्हणाल्या, "मी येते, माझी माळ आहे, मी सांगते."

आम्ही चौघं दुपारी गेलो. ठाणे अंमलदारांनी आधी विचारलंच, इतके दिवस काय केलंत? गुरुजी म्हणाले, घाबरलो होतो. त्यांनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. एक महिला पोलीस होत्या, त्यांनी काकूंना बसवून माळेचं सगळं वर्णन घेतलं, किती मणी, फासा कसला, कुठं डाग दिलेला. काकूंना एकेक मणी आठवत होता. अडीच तास लागले. गुन्ह्याची प्रत मिळाली. मी गाडीचं वेगळं सांगितलं. संशय कुणावर असं मलाही विचारलं. मी म्हटलं, कुणावर नाही, मी फक्त गाडी पाहिली.

संध्याकाळी सातच्या आत दोघं पोलीस घरी आले. लिंबाखाली उभं राहून गाडी कुठं होती, कुठल्या बाजूला वळली ते माझ्याकडून पाहून घेतलं. कुठल्या खांबावर दिवा नाही हेही लिहून घेतलं. तिथून ते पंपाकडं गेले. पंपावरचं चित्रण शिल्लक आहे एवढं कळलं, त्यात काय दिसलं ते अजून कळलेलं नाही.

मिस्टरांना रात्री फोनवर सांगितलं. आधी जरा रागावले, मग म्हणाले पुढच्या शनिवारी येतो, खांबांच्या दिव्यांसाठी नगरपालिकेत अर्ज देऊ.

पालावरच्या सरांनी सांगितलं तसं गल्लीच्या ग्रुपवर मी गाडीबद्दल काही टाकलं नाही. एवढंच लिहिलं की गुरुजींच्या घराचा गुन्हा नोंद झालाय, ज्यांचं पेट्रोल, केबल, बॅटरी गेली त्यांनीही नोंद करावी, मी सोबत येईन. पहिल्या तासात कुणी उत्तर दिलं नाही. मग बोअरची केबल गेलेल्या दोन्ही घरांचे फोन आले. ऑटोवाल्या दादांना बॅटरीचं बिल सापडलंय. उद्या सकाळी लेकरांना शाळेत सोडलं की दहा वाजता आम्ही त्यांच्याच ऑटोनं जाणार आहोत.